वायफायविना कॉम्प्युटर: आधी अर्थिंग बघा

मोबाइल-वायफायजवळ डोकं जड होतं, त्वचा चुणचुणते, अशी तक्रार असणाऱ्यांचा त्रास खरा असतो. पण तो लहरींमुळेच होतो याला शास्त्रीय आधार नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये म्हटलंय. म्हणून डॉक्टरांना दाखवाच. कॉम्प्युटर मात्र सोसवेल असा करता येतो.

सुरुवात सॉकेटपासून. पुण्यात पेठांतल्या जुन्या वाड्यांत तीन पिनचं सॉकेट असतं, आत अर्थिंगची हिरवी वायर मात्र लोंबकळत असते! मल्टिमीटरवर (व्होल्ट मोजायचं यंत्र) फेज-अर्थ २३० व्होल्टच्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. अर्थिंग नसेल तर चार्जरमधल्या फिल्टर कपॅसिटरमधून (विजेतला गोंगाट गाळणारा भाग) किंचित करंट लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीवर येतो. मनगट टेकलं की येणाऱ्या झिणझिण्या बऱ्याचदा यामुळेच असतात. दोन पिनच्या चार्जरवर हे अर्थिंग असूनही होतं. तिथे तीन पिनचा चार्जर घ्या. मल्टिमीटरचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करवा.

वायफाय, ब्लूटूथ बायोसमधूनच (विंडोजच्या आधी उघडणारं सेटिंग) बंद करा. विंडोजमध्ये चुकून एक क्लिक झालं की ते परत चालू. राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे वायफायचे दोन्ही बँड बंद करायचे, एकच करून लोक फसतात. राउटरला जोडायची कॅट-६ केबल, वायरचा कीबोर्ड-माउस तापकीर गल्लीत, पासोड्या विठोबाजवळ सहज मिळतात.

स्क्रीन हातभर लांब. ब्राइटनेस कमी केल्यावर काही स्क्रीन लुकलुकतात. मोबाइल कॅमेऱ्यात पट्टे सरकताना दिसले, तर ब्राइटनेस वाढवा आणि चित्राचा उजेड सॉफ्टवेअरमधून उतरवा.