सत्ताविसावी ओळ

फेब्रुवारी 2018. कैरोचं तहरीर चौकातलं म्युझियम, 32 जणांचा मराठी ग्रुप आणि तिसऱ्याच दिवशी बसलेला माझा घसा. इजिप्तमध्ये माहिती सांगायची ती लायसन्सवाल्या स्थानिक गाइडनं. टूर मॅनेजरनं ती मराठीत करायची, डोकी मोजायची आणि कुणी टॉयलेटच्या वाटेवर हरवलं तर शोधून आणायचं.

राजांच्या ममी तेव्हा तिथेच होत्या. आत बोलायला मनाई, म्हणून गाइडनं दाराबाहेरच थांबवून सांगितलं, "दुसरा रामसेस. काही जण याला समुद्र दुभंगून इस्राएली गुलामांना इजिप्तबाहेर नेणाऱ्या मोझेसच्या गोष्टीशी जोडतात." मी मराठीत ठोकून दिलं, "मोझेसला छळणारा राजा, फॅरो, तो हाच!" कित्येक वर्षं मी हेच सांगत होतो. लोक खूश होतात.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

अलिबागकडच्या मावशी. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, सत्तरी ओलांडलेल्या. "आम्ही दर पेसाखला, त्या सुटकेच्या सणाला, ही गोष्ट वाचतो. माझी आजी त्याला अनाशी ढाकायचा सण म्हणायची. गोष्टीत नुसता फॅरो आहे. नाव कुठंय?"

वसईचे काका लगेच मोबाइलवर मराठी बायबल उघडून पुढे सरसावले. "निर्गम, पहिला अध्याय, अकरावं वचन. रामसेस आहे, पण ते शहर आहे. पिथोम आणि रामसेस. गुलामांकडून बांधून घेतलेली."

आता हे गाइडला सांगणं आलं. माझी चूकही त्यात आलीच. तो हसला आणि ममी बघून झाल्यावर आम्हाला तळमजल्यावर एका काळ्या ग्रॅनाइटच्या शिळेपुढे घेऊन गेला. दहा फुटांहून उंच. मूळची तिसऱ्या आमेनहोतेपची. रामसेसचा मुलगा मर्नेप्ताह यानं तिच्या मागच्या बाजूवर आपला विजय कोरून घेतला. जुन्या पत्रिकेच्या पाठीवर किराणा मालाची यादी करावी तसं! 1896 मध्ये पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीला ती थीब्जला, म्हणजे आजच्या लक्सरला, नाईलच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडली. 28 ओळी, त्यातल्या बहुतेक लिबियावाल्यांना कसं हरवलं याच्या. शेवटी शेवटी कनानची, म्हणजे आजच्या इस्राएल-पॅलेस्टाइनकडच्या मुलखाची, नावं येतात: अश्कलोन, गेझेर, यानोआम. आणि सत्ताविसाव्या ओळीत इस्राएल. साल साधारण इसवी सनपूर्व 1208.

मी उत्साहात म्हणालो, "म्हणजे पुरावा मिळाला!"

"कशाचा?" गाइडनं विचारलं. "गुलामीचा एक शब्द नाही इथे. समुद्र दुभंगल्याचाही नाही. हे लोक तेव्हा कनानात होते, एवढंच हा दगड सांगतो."

मग त्यानं माझ्या हातातली रूमिंग लिस्ट, कोण कुठल्या खोलीत याची यादी, ओढून घेतली आणि तिच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेननं चिन्हं काढली. तिन्ही शहरांच्या नावांपुढे फेकायची काठी आणि तीन डोंगर, म्हणजे परका मुलूख. इस्राएलपुढे काठी तीच, पण डोंगर नाहीत. एक बसलेला पुरुष, एक बसलेली बाई, खाली तीन रेघा.

"या रेघा कसल्या?" मावशी.

"अनेकवचन. हा मुलूख नाही, ही माणसं आहेत."

मावशींनी चश्मा वर सरकवून शिळेवर ती चिन्हं शोधायला सुरुवात केली. सापडेनात. गाइडनं बोट दाखवल्यावर सापडली. "आणि लिहिलंय काय?"

इथे मी अडखळलो. समोर बसवून कुणाला हे कसं सांगायचं? "इस्राएल उजाड झाला, त्याचं बी उरलं नाही." हे बी धान्याचं की वंशाचं, यावर पंडितांत वाद आहे, असं गाइड म्हणाला. मराठीत बी म्हटलं की दोन्हीकडून सुटका होते, म्हणून मी तेवढंच म्हणून गप्प बसलो.

"असं होय," मावशी म्हणाल्या. कागद चार घड्या घालून त्यांनी पर्समध्ये ठेवला, आणि तो परत मागायचा धीर मला झाला नाही. संध्याकाळी हॉटेलच्या काउंटरवर 32 जणांच्या खोल्या मी आठवून आठवून वाटल्या. वसईच्या काकांना दोनदा खोली बदलावी लागली.