विहिरीचा पठ्ठ्या जाळीत

गंगाखेडकडच्या आमच्या गावात पोहणं म्हणजे विहीर. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा, काठावरून कुणीतरी ढकलून द्यायचं, झालं शिक्षण. कपारीत दिवड दिसली तरी आम्ही मुटका मारायचो, कारण ती बिनविषारी. त्याच जोरावर ऑस्ट्रेलियात भाचीकडे टाउन्सव्हिलला गेलो आणि समुद्र दिसताच शर्टाच्या गुंड्या काढायला लागलो.

"मामा, तिथं नका जाऊ!" भाची ओरडली.

डिसेंबर होता. परभणीत स्वेटर निघालेले, इथं घामाच्या धारा. समोर मॅग्नेटिक बेट, दोनेक किलोमीटरचा 'द स्ट्रँड' किनारा, आणि एवढ्या उकाड्यात उघड्या पाण्यात चिटपाखरू नाही. सगळी माणसं एका तरंगत्या जाळीच्या आत.

साधारण नोव्हेंबर ते मे हा तिथल्या जेलीफिशचा हंगाम. बॉक्स जेलीफिश पाण्यात दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. तिचे दोरीसारखे धागे तीन मीटरपर्यंत लांब. जबर डंख झाला तर माणूस मिनिटांत जातो. जाळीनं ती अडते, पण इरुकांजी नावाची नखाएवढी जात जाळीतून आरामात आत येते. तिचा डंख आधी किरकोळ वाटतो, अर्ध्याएक तासानं पाठ-कंबर धरते. म्हणून जाळीतसुद्धा अंगभर लायक्राचा सूट. तो घालून मी कसा दिसलो ते भाचीनं गावच्या ग्रुपवर टाकलंच.

काठावर व्हिनेगरची बाटली ठेवलेली. मला वाटलं, कुणाचं तरी सॅलडचं सामान राहिलं! ते डंखावर निदान 30 सेकंद ओतायचं, चोळायचं नाही, गोडं पाणी लावायचं नाही, आणि 000 या तिथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन. दुखणं त्यानं थांबत नाही, पण कातडीला चिकटलेल्या, अजून न फुटलेल्या विषाच्या पेशी फुटायच्या राहतात.

वर खाऱ्या पाण्यातल्या मगरी. जाळी त्यांच्यासाठी नसतेच. पाटी दिसली की पायसुद्धा बुडवायचा नाही.

उरलेले दिवस मी किनाऱ्याच्या टोकाला रॉक पूलमध्ये काढले. समुद्राचंच पाणी, गाळलेलं, तेही फुकट.

गावी आल्यावर विहिरीच्या काठावर चुलतभावानं विचारलं, "मग, समुद्रात पोहलास का?"

"पोहलो की. हौदात."

"हौदासाठी इतकं तिकीट काढलंस व्हय?" म्हणत त्यानं माझ्या अंगावर पाणी उडेल असा मुटका मारला.