डेन्व्हरहून लेडव्हिल, सेसना १७२ आणि लाल नॉब

लेडव्हिलचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ९,९३४ फुटांवर आहे. उत्तर अमेरिकेत सार्वजनिक वापराचा याहून उंच विमानतळ नाही. कोलोरॅडोत उडणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी तिथे चाकं टेकवायची असतातच, आणि उतरलात की ऑफिसात तसं सर्टिफिकेटही मिळतं. धावपट्टी चांगली ६,४०० फूट लांब आहे, त्यामुळे उतरण्याचा फार बाऊ करायला नको. अडचण असते ती इंजिनाला किती हवा आणि किती पेट्रोल मिळतंय याची. टर्बो नसलेलं, कार्ब्युरेटरचं विमान घेऊन जाणार असाल तर हे सगळं तुमच्यासाठी.

आमचं विमान क्लबचं १७२पी, १६० अश्वशक्तीचं लायकमिंग ओ-३२०. सोबत पुण्याहून आलेला मित्र. त्याचं सगळं ट्रेनिंग बारामतीचं, म्हणजे साधारण दोन हजार फुटांवरचं. टेकऑफ म्हटलं की मिक्श्चरचा, म्हणजे हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणारा लाल नॉब पूर्ण आत (आत म्हणजे 'रिच', पेट्रोल जास्त; बाहेर ओढला की 'लीन', पेट्रोल कमी), ही त्याच्या हाताला लागलेली सवय.

आदल्या संध्याकाळी डेन्व्हरच्या सेंटेनियल विमानतळावर इंजिन चालू करून बघितलं, तर आयडलला, म्हणजे सर्वांत कमी वेगाला, अडखळत होतं. थ्रॉटल १,७०० आरपीएमवर नेलं की एकदम साफ.

"प्लग गेला रे," मित्र म्हणाला.

मला तसं वाटेना. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि त्यांना ठिणगी देणारे दोन वेगळे मॅग्नेटो; प्लग गेला असेल तर एकेक मॅग्नेटो तपासताना एका बाजूला तरी दिसतो, इथे दोन्ही बाजू सारख्या. आधी प्रायमर (सुरू करताना इंजिनात पेट्रोल सोडणारा हातपंप) बघितला, कारण तो लॉक न होता राहिला तर त्यातून पेट्रोल ओढलं जातं आणि आयडलला नेमकं असंच होतं. तो नीट लॉक होता. मेकॅनिकने काउलिंग (इंजिनावरचं झाकण) काढून टॉर्च मारला. एका सिलिंडरला हवा-पेट्रोल पोचवणारा इनटेक पाइप जिथे रबरी होजने खाली जोडलेला असतो, तिथे निळा ओघळ. १०० एलएल हे विमानाचं पेट्रोल उडून जातं, त्यातला निळा रंग तेवढा मागे राहतो. मेकॅनिकने होज अंगठ्याने दाबला, तर क्लॅम्पच्या कडेला चीर उघडली.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आयडलला थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, पाइपात ओढ जबरदस्त असते, फटीतून जादा हवा आत शिरते आणि ते एकच सिलिंडर लीन होतं. थ्रॉटल पूर्ण उघडला की आतला आणि बाहेरचा दाब जवळपास सारखा होतो, मग फट असूनही कळत नाही. इंजेक्शनवाल्या विमानात इंजेक्टर अर्धवट तुंबला तर चित्र उलटं: जास्त पॉवरला, पेट्रोलचा प्रवाह वाढला की त्रास, आणि लीन करताना ईजीटीवर (सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या धुराचं तापमान दाखवणारा मीटर) एकच सिलिंडर बाकीच्यांच्या आधी पीकला, म्हणजे सर्वोच्च तापमानाला, पोचतं. म्हणून "इंजिन रफ आहे" म्हणण्याआधी ते कुठल्या आरपीएमला रफ आहे, ते बघा. निम्मं निदान तिथेच होतं. होज आणि क्लॅम्प बदलून झाले आणि आम्ही सकाळी निघालो.

सेंटेनियलच मुळी ५,८८५ फुटांवर आहे. सेसनाचं पुस्तक सांगतं की ३,००० फुटांहून उंच विमानतळावर टेकऑफच्या आधी पूर्ण थ्रॉटल देऊन, जास्तीत जास्त आरपीएम मिळेपर्यंत मिक्श्चर लीन करा. म्हणजे डेन्व्हरच्या रोजच्या उड्डाणालाही हा नियम लागू. रस्ता नेहमीचा: केनोशा पास, मग साउथ पार्कचं पठार, ट्राउट क्रीक पासवरून आर्कान्सा नदीच्या खोऱ्यात, आणि तिथून उत्तरेला. मॉस्किटो पासवरून जवळ पडतं, पण तो १३ हजारांच्या वर आहे. १६० अश्वशक्तीत त्या वाटेला जाऊ नका. १२,५०० फुटांच्या वर अर्ध्या तासाहून जास्त राहणार असाल तर पायलटला ऑक्सिजन लागतो, हेही लक्षात असू द्या.

उतरताना एक गोष्ट पक्की करा. लँडिंगच्या चेकलिस्टवर "मिक्श्चर रिच" लिहिलेलं असतं. फायनलला, धावपट्टीकडे सरळ उतरताना, मित्राचा हात आपोआप लाल नॉबकडे गेला.

"हात काढ," मी म्हटलं.

"अरे, गो-अराउंड करायची वेळ आली तर?"

त्यासाठीच! उतरणं सोडून पुन्हा वर जायचं आणि तिथल्या विरळ हवेत पूर्ण रिच करून थ्रॉटल दिला तर पॉवर हवी तेव्हाच इंजिन गुदमरणार. लेडव्हिलपुरता रिच म्हणजे त्या उंचीला जास्तीत जास्त पॉवर देणारी जागा, ती खोऱ्यात शिरतानाच शोधून ठेवा. आणि स्पीड इंडिकेटरवर नेहमीचाच ठेवा. ६५ नॉट दिसत असताना खरा वेग ७८च्या आसपास असतो, जमीन भराभर मागे पळते, म्हणून नाक उचलून वेग कमी करायचा मोह होतो. तो आवरा.

परत निघताना बारा अंश तापमान होतं. म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणावरून विमानाला जाणवणारी उंची) जवळपास १२ हजार फूट, आणि आमच्या १६०पैकी शंभराहून थोड्याच जास्त अश्वशक्ती हाती. मित्राला फरक दिसावा म्हणून रन-अप (टेकऑफआधीची इंजिन तपासणी) मुद्दाम पूर्ण रिचमध्ये केला. एकट्या डाव्या मॅगवर (मॅग्नेटोवर) आरपीएम १२५च्या मर्यादेपेक्षा जास्त पडले आणि इंजिन थरथरलं. मग नॉब थोडा थोडा बाहेर फिरवत आणला. आरपीएम चढत गेले, थरथर थांबली, आणि पुन्हा तपासल्यावर दोन्ही मॅग मर्यादेत. मिश्रण अतिरिच असलं की ते सावकाश जळतं. एकाच प्लगवर ज्वाला पूर्ण सिलिंडर ओलांडून जायची तर आणखी उशीर होतो, आणि दोष मॅग्नेटोचा वाटतो.

लीन करूनही एका मॅगवर थरथर राहिली, तर प्लगवर पेट्रोलमधलं शिसं बसलंय असं धरा. रिच मिश्रणावर आयडलला चालवत ठेवलं की प्लग गार राहतो आणि शिसं चिकटतं, म्हणून टॅक्सी करताना दाबून लीन ठेवा. साफ करायला २,००० आरपीएमवर मिक्श्चर पीकपर्यंत आणून मिनिटभर चालवा, मग पुन्हा तपासा. तरीही जात नसेल तर उडू नका. लेडव्हिलला एक रात्र काढलेली परवडते. प्रत्येक सिलिंडरचा ईजीटी दिसत असेल तर त्या मॅगवर ठेवून बघा: बाकीचे चढतात, ज्याचा पडतो त्याचा प्लग.

टेकऑफला ब्रेक धरून पूर्ण थ्रॉटल, आरपीएम सर्वांत वर येतील तिथे मिक्श्चर, मग अगदी किंचित रिच, आणि ब्रेक सोडा. कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून गरम हवा देणारा नॉब) ओढलीत तर गरम, विरळ हवेमुळे मिश्रण आणखी रिच होतं, तेव्हा तिथे पुन्हा लीन करावं लागतं. कार्ब हीटने इंजिन रफ झालं म्हणजे बर्फच आहे, असं लगेच ठरवू नका.

परतीच्या उतारावर थोडं थोडं रिच करत या. विसरलात तर विमानतळाभोवतीच्या सर्किटमध्ये थ्रॉटल देताना इंजिन खोकतं.

आणि बंद करताना टॅकोमीटरवर डोळा ठेवा. नॉब ओढल्यावर मरण्याआधी आरपीएम १० ते ५० वाढायला हवेत. त्याहून जास्त वाढले तर आयडल मिक्श्चर रिच, अजिबात न वाढता पडले तर लीन. फक्त हे माप नेहमीच्या विमानतळावर घ्या, लेडव्हिलला घेतलंत तर आकडा फुगलेलाच येणार. जो आकडा मिळेल तो मेकॅनिकसाठी वहीत लिहा, सोबत आरपीएम, कुठला मॅग, नॉब कितपत बाहेर होता आणि बाहेरचं तापमान.