सेकंडहँड सेबेन्झा, बाबा आणि कणीएवढं ग्रीस

दोन वर्षांपूर्वी बाबा पहिल्यांदा इकडे अमेरिकेत, ऑरेगन राज्यातल्या हिल्सबरोला आले तेव्हा मी माझा खिशातला चाकू त्यांच्या हातात दिला आणि मुद्दामच काही बोललो नाही. बाबांची सगळी नोकरी चिंचवड-भोसरी पट्ट्यात टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यातली साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात गेली, त्यामुळे त्यांच्या हातात एखादी वस्तू दिली की आधी ते ती बघत नाहीत, हलवून ऐकतात. त्यांनी चाकू उघडला, मिटला, परत उघडला, कानाजवळ नेला, मग पात्याचं टोक चिमटीत धरून डावीउजवीकडे हलवून बघितलं. जराही हललं नाही. "आत बुश टाकलाय," एवढंच म्हणाले आणि पुन्हा मिटून उघडला. बुश म्हणजे पातं ज्यावर फिरतं ती धातूची बारकी नळी. अगदी बरोबर होतं. हे कळायला मला सहा महिने आणि एक चाकू पूर्ण खोलावा लागला होता, त्यांना दीड मिनिट.

तो चाकू म्हणजे ख्रिस रीव्हचा सेबेन्झा २१, मोठा. ख्रिस रीव्ह मूळचे दक्षिण आफ्रिकेतले, तेही टूल अँड डाय मेकर, १९८९ मध्ये अमेरिकेत आयडाहो राज्यात बॉइसीला आले. सेबेन्झा हा झुलू शब्द आहे, अर्थ काम. बाबांना हे सांगितल्यावर ते खूश झाले, म्हणाले नाव बरोबर ठेवलंय. टायटॅनियमच्या दोन पट्ट्यांची मूठ, मध्ये पातं, आणि त्यातल्या एका पट्टीचाच कापलेला भाग स्प्रिंगसारखा आत सरकून पात्याच्या मागे टेकतो, तेच लॉक. त्याआधीच्या, मायकल वॉकर या अमेरिकन चाकू बनवणाऱ्याच्या लायनर लॉकमध्ये हे काम मुठीच्या आतली पातळ पट्टी करायची, रीव्हने ते जाड मुठीलाच करायला लावलं. आज अशा लॉकचे, म्हणजे फ्रेम लॉकचे चाकू शंभर कंपन्यांचे मिळतात, पण त्याची सुरुवात इथून झाली.

आम्ही राहतो तो भाग तसा चाकूवाल्यांचाच. चाकू बनवणाऱ्या कंपन्यांपैकी लेदरमन पोर्टलंडमध्ये, कर्शॉ टुआलाटिनला, बेंचमेड ऑरेगन सिटीला, म्हणजे गाडी काढली तर एका दुपारी तिन्हींच्या दारावरून जाऊन येता येईल. ऑफिसमध्ये दर चौथ्या माणसाच्या खिशाला चाकूची क्लिप दिसते. कुरिअरचा खोका उघडायचा, सफरचंद कापायचं, झिप टाय तोडायचा, एवढीच कामं. मीही आधी स्वस्तातले घेत होतो आणि हरवत होतो. मग एकदा शेजारच्या क्यूबिकलमधल्या माणसाने त्याचा सेबेन्झा हातात दिला आणि माझं झालं ते झालं.

नवा साधा मोठा सेबेन्झा आज पाचशे डॉलरच्या पुढेच जातो. हे पैसे चाकूला घालायचे का, हा प्रश्न बायकोनेही विचारला आणि तो योग्यच आहे. माझं उत्तर असं, की नवा घेऊच नका. २०१९ च्या शेवटी ३१ नंबरचं मॉडेल आलं आणि २१ बंद झालं, त्यामुळे २१ आता फक्त जुनाच मिळतो, आणि माझ्या मते जुना मिळतो हेच चांगलंय. या चाकूत फॉस्फर ब्राँझचे वॉशर असतात, बेअरिंग नाहीत. ब्राँझ वापरून वापरून घासून गुळगुळीत होतं, आधी नवा असताना जरा आवळल्यासारखा वाटतो तो चाकू वर्षा-दोन वर्षांत असा काही सरकायला लागतो की जुन्या वाड्याच्या तेल पाजलेल्या दाराची आठवण यावी, जड पण अडखळत नाही. ते दोन वर्षांचं काम आधीच्या मालकाने करून ठेवलेलं असतं. मी माझा ३१० डॉलरला घेतला, मुठीवर ओरखडे होते, क्लिपचा रंग गेलेला होता, आणि वॉशर आरशासारखे झालेले होते.

पण जुना घेताना डोळे उघडे ठेवायला लागतात, आणि इथे मी एकदा चांगलाच फसलोय. दुसऱ्या एका चाकूचा फोटो बघून हो म्हटलं, घरी आला तर टोक दोन मिलिमीटर कमी. कोणाच्या तरी हातून पडून टोक मोडलं असणार आणि मग ग्राइंडरवर नवीन टोक काढलं असणार. विकणाऱ्याने सगळे फोटो तिरके काढले होते, पातं कुठेच सरळ आडवं दिसत नव्हतं, आणि मला ते तेव्हा खटकलंच नाही. त्याहून वाईट म्हणजे ग्राइंडरवर गरम करून धारेचं पाणी उतरवलेलं होतं. आपल्याकडे लोहार विळ्याला पाणी देतो ना, तेच, स्टीलची हीट ट्रीटमेंट. ग्राइंडरच्या पट्ट्यावर घासताना धार निळी पडेपर्यंत तापली की तेवढ्या भागाचं पाणी गेलं, मग कितीही धार लावा, चार खोके उघडले की संपली. तो चाकू मी दगडावर हळूहळू घासून घासून खालच्या चांगल्या स्टीलपर्यंत नेला, तीन रविवार गेले.

तेव्हापासून मी विकणाऱ्याकडे काही फोटो मागतोच. पातं उघडून पांढऱ्या कागदावर सपाट ठेवून काढलेला, म्हणजे टोक आणि पोट दोन्ही दिसतं. धारेची सुरुवात जिथे होते, मुठीजवळ, तिथला जवळून काढलेला, कारण ज्याला धार लावता येत नाही त्याची चूक आधी तिथे दिसते, दगड तिथपर्यंत पोचत नाही आणि पुढेच जास्त घासला जातो, मग धारेला आत वळलेला बाक येतो. तो बाक काढायचा तर पूर्ण पात्याची उंची कमी करावी लागते. मग लॉकचा फोटो, मागून, पात्याच्या बुडाशी लॉक किती सरकलंय ते दिसेल असा. निम्म्यापर्यंत आलं असेल तर उत्तम, अगदी पलीकडच्या पट्टीला टेकायला आलं असेल तर लॉक झिजलंय, किंमत पाडा नाहीतर सोडून द्या. आणि स्क्रूंची डोकी. स्क्रूच्या डोक्याचं भोक गोल झालेलं दिसलं की समजायचं, कोणीतरी चुकीच्या मापाची ॲलन की घालून जोर केलाय, आणि ज्याने बाहेर जोर केला त्याने आतही केला असणार. बाबा म्हणाले होते, मशीन कसं चालवलंय ते ऑपरेटरला विचारू नकोस, नटबोल्टला विचार.

सगळ्या फोटोंत एका कागदाच्या चिठोऱ्यावर विकणाऱ्याचं नाव आणि आजची तारीख लिहून चाकूशेजारी ठेवलेली पाहिजे. पैसे देताना ज्यात खरेदीदाराला संरक्षण असतं त्याच पद्धतीने द्यायचे, मित्राला पाठवल्यासारखे नाही, भले वर तीन टक्के जावोत. सेबेन्झाच्या नकला बाजारात भरपूर आहेत, काही तर फोटोत ओळखू येत नाहीत. खऱ्याबरोबर बनवल्याची तारीख लिहिलेलं कार्ड येतं, पण कार्ड छापता येतं, फिटिंग छापता येत नाही. म्हणून पहिला सेबेन्झा शक्यतो प्रत्यक्ष हातात घेऊनच विकत घ्या. एकदा खरा हातात बसला की नक्कल हात लावल्यावर कळते.

काही लोक पूर्ण नवाकोरा, कधीच न वापरलेला जुना चाकू शोधतात, त्याला इकडे सेफ क्वीन म्हणतात. मला त्यात रस नाही. कामासाठी बनवलेली वस्तू डब्यात ठेवली की तिचं पुढचं कामच राहून जातं.

आता मेंटेनन्स, कारण माझं खरं प्रेम इथे आहे.

सेबेन्झा खोलायला कंपनीची मनाई नाही, उलट लागणाऱ्या ॲलन की आणि ग्रीसची बारकी ट्यूब डब्यातच येते. मी वर्षातून दोनदा खोलतो. डायनिंग टेबलावर पांढरा टॉवेल पसरायचा, कारण बारका स्क्रू लाकडावरून उडी मारून कुठे जातो ते देवालाच माहीत. स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायचे. मूठ उघडली की आत वॉशरवर काळी पेस्ट दिसते, जुनं ग्रीस, खिशातला कापसाचा भुगा आणि झिजलेलं ब्राँझ, सगळं मिळून. एका वाटीत आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन वॉशर त्यात टाकायचे, दोन मिनिटांत वाटीत काळा धूर उतरल्यासारखा दिसतो आणि वॉशर खाली तांब्याच्या पैशासारखे चमकत पडलेले असतात. ते कागदाने पुसायचे नाहीत, कागदाचे तंतू राहतात, जुन्या सुती बनियनचा तुकडा सगळ्यात चांगला.

मग ग्रीस. मी पहिल्या वेळी वॉशरच्या दोन्ही बाजूंना लोणी लावल्यासारखं थापलं आणि चाकू चिखलात चालल्यासारखा झाला. ग्रीस लागतं तांदळाच्या कणीएवढं. अख्ख्या तांदळाएवढंही नाही, कणी. ती बोटाने पसरवून वॉशरवर नुसता ओलसर थर राहिला पाहिजे.

आणि जोडताना ते बाबांचं बुश. बऱ्याच चाकूंत मधला स्क्रू किती आवळायचा हे अंदाजाने ठरवायला लागतं, जास्त आवळला तर पातं अडकतं, कमी आवळला तर हलतं. सेबेन्झा २१ मध्ये त्या जागी एक बुश आहे, त्याची लांबी पातं अधिक दोन वॉशर यांच्या जाडीपेक्षा अगदी केसभर जास्त, त्यामुळे स्क्रू पूर्ण आवळायचा, सगळा दाब बुशवर जातो, पात्यावर नाही. आवळा आणि विसरा. हे ऐकायला सोपं आहे, पण त्यासाठी पातं, दोन्ही वॉशर आणि बुश ही सगळी मापं इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत धरून ठेवायला लागतात, आणि तेही एका चाकूत नाही, प्रत्येक चाकूत. मी हे बाबांना टेबलावर खोलून दाखवलं तेव्हा त्यांनी बुश चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात फिरवला, बराच वेळ. मग म्हणाले, "हे काम महाग असणारच रे." किमतीबद्दल त्यानंतर ते एक शब्द बोलले नाहीत.

धार लावायचं थोडक्यात सांगतो. माझ्या चाकूचं स्टील एस३५व्हीएन, क्रूसिबलने २००९ मध्ये आणलेलं, त्यात सुमारे तीन टक्के व्हॅनेडियम आहे. व्हॅनेडियमचे कार्बाइड साध्या दगडाच्या कणांपेक्षा कडक असतात, म्हणून घरातल्या साध्या निसण्यावर वेळ जातो, डायमंडची प्लेट घ्या. एका बाजूला साधारण वीस अंश, जोर न देता, दुसऱ्या बाजूला 'बर', म्हणजे धारेवर उलटलेली बारीक कड, बोटाला जाणवेपर्यंत, मग बाजू बदलायची. शेवटी चामड्याचा पट्टा, न्हाव्याकडे वस्तऱ्यासाठी असायचा तसा. लहानपणी सायकलवर चाक फिरवत धारवाला यायचा, ठिणग्या बघायला आम्ही पोरं जमायचो. त्या ठिणग्या आता आठवल्या की अंगावर काटा येतो. विळीला चालतं, याला नाही.

आणखी एक, चाकू चामड्याच्या पाऊचमध्ये महिनोन्महिने ठेवू नका. चामडं दमटपणा धरून ठेवतं आणि स्टेनलेस असलं तरी पात्यावर डाग येतात. वापरात असेल तर खिशात, नसेल तर पुसून कोरड्या फडक्यात.

बाबा परत गेले तेव्हा त्यांना मी छोटा सेबेन्झा २१ दिला, तोही सेकंडहँडच, पातं तीन इंचांपेक्षा थोडं कमी. चेक-इन बॅगेत गेला अर्थातच, केबिनमध्ये चाकू नेता येत नाही. नको नको म्हणत घेतला. मला वाटलं कपाटात जाईल.

या मे महिन्यात रविवारी सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. गावाहून हापूसच्या पेट्या आल्या होत्या, सुतळ्या चाकूने कापल्या, मग त्याच चाकूने कोयकैऱ्या चिरल्या, आणि कैरीचा चीक सांध्यात जाऊन पातं चिकटायला लागलं. फोनच्या स्क्रीनवर लोकसत्ता पसरलेला, त्यावर चाकू पूर्ण खोललेला, स्क्रू डावीकडून उजवीकडे मांडलेले. चीक त्यांनी आधीच खोबरेल तेलाने काढला होता, हाताचा काढतात तसा, मग साबणाच्या पाण्याने सगळं धुऊन वाळवलं होतं. विचारायचं एवढंच होतं, की ग्रीसची ट्यूब कडक झालीय, तिकडून येताना नवी आणशील का, आणि तोपर्यंत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब चालेल का. मी म्हटलं चालेल, पण एकच थेंब. "ते मला सांगू नकोस," म्हणाले, आणि फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवून वॉशर लावायला घेतले.