गोदावरी का गोठत नाही आणि बागेतलं दव का गोठतं

दर हिवाळ्यात एखाद्या पहाटे नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, द्राक्षाच्या पानांवर गोठलेल्या दवाचे फोटो फिरायला लागतात आणि पाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो: थंडी अशीच वाढत गेली तर गोदावरी गोठेल का? रशियात डॉक्टरकी शिकायला गेलेल्या मुलांनी घरी पाठवलेले, भर शहरात पांढऱ्याफेक झालेल्या नदीचे व्हिडिओही त्याच सुमारास येतात. गोदावरी गोठणार नाही. पण ती का गोठत नाही, हे आकड्यांत मांडलं की त्याच आकड्यांतून बाग सांभाळायची रीत हाती लागते. आपल्याकडे थंडीच्या बातम्या खूप होतात आणि हा हिशेब मात्र कुणी मांडत नाही, म्हणून इथे तो सविस्तर देत आहोत.

निरभ्र, कोरड्या, वारा पडलेल्या रात्री उघड्या जमिनीवरून आकाशाकडे दर चौरस मीटरला साधारण ७० ते ९० वॅट उष्णता निघून जाते. ८० धरू. बारा तासांच्या रात्रीत ही उष्णता साडेतीन मेगाज्यूलच्या आसपास भरते. आता रामकुंडाच्या खाली एक मीटर खोल पाणी आहे असं समजा. एक मीटर खोल पाण्याचा एक चौरस मीटरचा खांब एका अंशाने थंड करायला ४.१८ मेगाज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. म्हणजे रात्रभरात ते पाणी एक अंशही उतरत नाही. बाष्पीभवनाने जाणारी उष्णता मिळवली तरी फार तर दीड-दोन अंश. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पंचवीस-अठ्ठावीस अंशांचं ऊन असतंच, ते ही तूट भरून काढतं. गंगापूर धरणातून आवर्तन सुटलं की साठ्यातलं पाणी येतं, शिवाय जमिनीतले झरे वर्षभर एकाच तापमानाचे असतात. नदी गोठायची तर दिवसाचंसुद्धा सरासरी तापमान कित्येक दिवस शून्याखाली राहावं लागतं. नाशिकचा कडाक्याचा दिवस त्याच्या जवळपासही जात नाही.

जिथे नदी खरंच गोठते तिथे काय होतं? पाणी चार अंशांपर्यंत थंड होताना जड होत जातं आणि खाली बसतं. चार अंशांपेक्षा थंड झालं की ते हलकं होऊन वर राहतं, म्हणून संथ तळ्यावर बर्फाची साय वरूनच धरते. वाहत्या नदीत मात्र पाणी सतत ढवळलं जातं, त्यामुळे तळापर्यंतचं सगळं पाणी शून्याला यावं लागतं. ते शून्याच्याही किंचित खाली गेलं की त्यात बारीक चकत्यांसारखे बर्फकण तयार होतात, एकमेकांना चिकटतात, त्यांचा लगदा तरंगायला लागतो. दुसरीकडे काठाकडून बर्फ आत सरकत येतो आणि शेवटी दोन्ही मिळून नदी झाकली जाते. सेंट पीटर्सबर्गमधून वाहणारी नेवा ही अशीच झाकली जाणारी नदी. वसंतात लाडोगा सरोवराचा फुटलेला बर्फही तिच्यातूनच समुद्राकडे जातो.

ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी एवढं त्यांना नक्की सांगावं. बर्फाच्या जाडीचा ढोबळ अंदाज काढता येतो: रोजच्या सरासरी वजा अंशांची बेरीज करायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि दोन ते अडीचने गुणायचं. दहा दिवस सरासरी उणे दहा राहिलं तर बेरीज १००, वर्गमूळ १०, जाडी २० ते २५ सेंटिमीटर. वर भुसभुशीत हिम साचलेलं असेल तर ते पांघरूण घालतं आणि बर्फ यापेक्षा पातळ राहतो. एका माणसाने चालायचं तर काचेसारखा पारदर्शक बर्फ किमान १० सेंटिमीटर हवा. पांढरट, बुडबुड्यांचा बर्फ त्याच्या निम्म्याच ताकदीचा धरावा. पुलाखाली आणि सांडपाणी मिसळतं त्या जागी बर्फ कधीच भरवशाचा नसतो, तिथे पाय ठेवू नये.

आपल्या नदीवर थंडीत जे पांढरं दिसतं ते दोन प्रकारचं. एक म्हणजे पहाटेची वाफ. पाणी वीस अंशांच्या आगेमागे आणि हवा आठ-दहा अंशांवर असली की पाण्यावरून निघालेलं बाष्प लगेच थिजून दिसायला लागतं. पाणी गार झाल्याची ही खूण नाही, ते हवेपेक्षा उबदार असल्याची आहे. ऊन चढलं की ती विरते. दुसरा प्रकार फेसाचा. तपोवनाच्या खाली, जिथे पाणी खडकांवरून किंवा बंधाऱ्यावरून पडतं तिथे पांढरे थर जमतात आणि फोटोत ते हुबेहूब बर्फासारखे दिसतात. तो साबण-डिटर्जंटमिश्रित सांडपाण्याचा फेस असतो, हिवाळ्यात प्रवाह रोडावला की जास्त दिसतो. त्याला निसर्गाचा चमत्कार म्हणून पुढे पाठवू नका आणि मुलांना त्यात हात घालू देऊ नका.

नदी गोठत नाही याचा एक सुंदर परिणाम खाली नांदूर मध्यमेश्वरला दिसतो. उत्तरेकडची तळी गोठली की बदकांना चोच घालायला उघडं पाणी उरत नाही. गोदावरी-कादवाच्या संगमावरच्या या पाणथळीत ते हिवाळाभर मिळतं, म्हणून थापट्या, तलवार बदक, चक्रवाक इथवर येतात. या जागेला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता, मिळाल्याचं जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं. महाराष्ट्रात तो मिळवणारी ही पहिली पाणथळ जागा.

आता बागेकडे.

पान नदीसारखं नसतं. त्याची जाडी मिलिमीटरच्या अंशात, त्यात साठलेली ऊब नगण्य. वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर असतो. निरभ्र, निवांत रात्री उघडं पान त्या हवेपेक्षाही दोन ते चार अंशांनी थंड पडतं. म्हणून हवामान केंद्रावर तीन अंश असताना पानावर शून्य होऊ शकतं आणि बसलेलं दव तिथेच कडक होतं. २०१८ च्या डिसेंबरअखेर कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा १.८ अंशांपर्यंत गेला, तेव्हा दव गोठलं यात नवल नव्हतं. थंड हवा जड असते, ती उताराने नाल्यात आणि सखल तुकड्यात जाऊन साचते. एकाच गटात वरची ओळ सुखरूप आणि नाल्याकडच्या चार ओळी काळवंडलेल्या दिसतात त्या यामुळेच.

त्यामुळे केंद्राच्या आकड्यावर विसंबू नये. साधे किमान तापमापक घ्या, एक सखल कोपऱ्यात, एक मध्ये, एक उंचवट्यावर, घडांच्या उंचीला, आडवे आणि आकाशाला उघडे बांधा. छताखाली किंवा खांबाच्या आडोशाला बांधलेला तापमापक पानाचं तापमान दाखवत नाही. रात्र ओळखायची खूण अशी: ढग निघून गेले, दिवसभराचा उत्तरेचा वारा संध्याकाळी पडला, हवा कोरडी आहे. दव लवकर बसलं तर थोडा दिलासा असतो, कारण बाष्पाचं पाणी होताना उष्णता सुटते आणि पारा उतरण्याचा वेग कमी होतो. मध्यरात्र उलटली तरी पानं कोरडीच असतील तर जास्त सावध राहा.

उपाय पाण्याचाच, पण मापात. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जानेवारीतही २४ अंशांच्या आसपास असतं. एक लिटर पाणी २४ वरून ८ अंशांवर आलं तर १६ किलोकॅलरी उष्णता देतं. एकरी वीस हजार लिटर म्हणजे सव्वातीन लाख किलोकॅलरी. एक एकर क्षेत्र ८० वॅटच्या दराने जितकी उष्णता गमावतं त्या मानाने ही साधारण सव्वा तासाची भरपाई झाली. तेवढंच. रात्री दहाला ठिबक सुरू करून झोपलं तर ती ऊब मध्यरात्रीच संपते आणि पारा सर्वांत खाली येतो तो सूर्योदयाच्या आगेमागे, म्हणजे जानेवारीत सातच्या सुमारास. म्हणून पाणी पहाटे पाच-साडेपाचला सोडा. थ्री-फेज लाईट दिवसाची की रात्रीची हे आठवड्याच्या पाळीप्रमाणे बदलतं, ते आधी बघून ठेवा. पहाटे लाईट नसेल तर शेततळ्यापेक्षा झाकलेल्या टाकीत संध्याकाळी पाणी भरून ठेवणं बरं. उथळ उघडं शेततळं रात्रीतून गार होतं.

वीस हजार लिटर म्हणजे एकरावर पाच मिलिमीटर पाणी, हिवाळ्यातल्या बागेची साधारण दोन दिवसांची गरज. हे वरचं म्हणून देऊ नका, नेहमीच्या पाळीतलंच पहाटेकडे सरकवा. जास्त पाणी झालं तर मणी तडकतात. गारठ्यात पानांतून बाष्प जाणं जवळजवळ थांबतं, मुळं मात्र पाणी ओढत राहतात, मण्यात दाब वाढतो, साल ताण घेत नाही आणि सकाळी देठाजवळ किंवा टोकाला चीर दिसते. मण्यांत पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ पडून गोड व्हायला लागण्याच्या, अवस्थेतल्या बागेत हा धोका सर्वांत मोठा. थंडीने दव गोठून जितकं नुकसान होतं त्यापेक्षा थंडीच्या भीतीने दिलेल्या पाण्याने अधिक होऊ शकतं.

याहून स्वस्त उपाय जमिनीचा आहे. ओलसर, दबलेली, तणमुक्त माती दिवसा ऊन साठवते आणि रात्री परत देते. थंडीची लाट सांगितली असेल तर त्या आठवड्यात वखरणी, रोटर टाळा, भुसभुशीत माती उष्णता धरत नाही. ओळींमधलं गवत कापून टाका. उसाच्या पाचटाचं आच्छादन इतर वेळी उत्तम, पण ते उन्हाला मातीपर्यंत पोचू देत नाही. लाटेपुरतं ते ओळींच्या मधून बाजूला सारलं तर फायदा होतो.

शेकोट्यांबद्दल गैरसमज फार. धुराची चादर उष्णता अडवते हे खरं नाही, धुराचे कण त्या कामाला फारच बारीक असतात. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा. त्यातही एक मोठी होळी पेटवली तर गरम हवा सरळ वर निघून जाते आणि आजूबाजूची थंड हवा आत ओढली जाते. त्यापेक्षा बांधाने आणि मोकळ्या पट्ट्यांत लहान लहान बऱ्याच शेकोट्या ठेवा, सखल बाजूला जास्त. ठिबकच्या नळ्या आणि वेलींपासून लांब ठेवा, शेजारी पाण्याची बादली आणि जागं माणूस हवंच. ओला पाला जाळून नुसता धूर करू नका, घडांवर काजळी बसते.

थॉमसन जातीच्या द्राक्षाच्या घडात गुलाबी मणी येतात तेही दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारठा यांतल्या मोठ्या तफावतीने. त्यासाठी घडांना वर्तमानपत्राचा कागद लावतात. तो पाणी उतरायच्या आधी लागला पाहिजे, एकदा गुलाबी झाक आली की कागदाने ती जात नाही. लावण्याआधी घड कोरडा आणि भुरीपासून (पांढऱ्या बुरशीच्या रोगापासून) स्वच्छ आहे का ते बघा, आत अडकलेली भुरी बाहेरून दिसत नाही.

आणि दव गोठलंच तर? पानं झटकू नका, कडक झालेलं पान हाताने तुटतं.  फवारणी पानं सुकल्यावरच. करपलेली पानं लगेच काढायची घाई करू नये, खरं नुकसान दोन-चार दिवसांनी कळतं आणि तोवर तीच पानं दुपारच्या उन्हापासून घडांना आडोसा देतात. कोणत्या ओळीत किती पानं गेली हे त्या कोपऱ्यातल्या तापमापकाच्या आकड्यासोबत वहीत लिहून ठेवा. पुढच्या लाटेला पाणी आधी कुठे सोडायचं ते त्यावरून ठरेल.