गुडगुडीची काच आणि रिठ्याचं पाणी

मी पुण्यात जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करते. जुनी काच माझ्याकडे येते तेव्हा घरात तिच्यावर एकदा तरी हात चाललेला असतो. कुणी राखेनं घासलेली असते, कुणी संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये बुडवून ठेवलेली असते. पितळ असले उद्योग थोडेफार सोसतं. काच सोसत नाही, आणि सोसलं नाही हे ती लगेच दाखवतही नाही. त्यामुळे वाईहून आलेल्या एका आजींनी जुन्या लुगड्याच्या घड्या उलगडून "याला अजून काहीसुद्धा लावलेलं नाही बरं का" असं सांगितलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

आत गुडगुडीचं पाणी भरायचं भांडं होतं. हिरवट झाक असलेली काच, घंटेसारखा आकार, अरुंद गळा, अंगावर सोन्याची बारीक फुलं. हुक्क्याची ही भांडी आधी गोल असत, घंटेचा आकार त्यानंतर, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. वरची चिलीम आणि नळी घरातून कधीच गेली होती. भांडं आतून मात्र काळपट तपकिरी झालं होतं आणि पोटाच्या मध्यावर एक पांढरं वलय बसलं होतं. घरात लग्न होतं आणि त्याआधी ते लख्ख हवं होतं. ओळखीतल्या कुणीतरी ॲसिड सुचवलं होतं. बाटलीही आणून झाली होती, पण आजींचा जीव धजला नाही.

सोबत नातू होता, अमेरिकेत डेन्व्हरला राहणारा. तिथे काचेचे पाइप दुकानात उघडपणे मिळतात. "आमच्याकडे सगळे जाडं मीठ आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून पिशवीत हलवतात, पाच मिनिटांत स्वच्छ. इथे तसं का नाही करायचं?" त्यानं विचारलं. प्रश्न रास्त होता. तंबाखूचं किंवा गांजाचं कीट चिकट, राळेसारखं असतं. पाण्यात ते विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये सुटतं. मिठाचे खडे अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाहीत, म्हणून ते घासायच्या कामी येतात. मीठ काचेपेक्षा मऊ असल्यानं चरेही पडत नाहीत. आजचे चांगले पाइप बोरोसिलिकेट काचेचे असतात. साध्या काचेच्या मानानं ही काच उष्णतेनं जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते, त्यामुळे गरम पाणीही सोसते. तिथे ही युक्ती चालते, फक्त जवळपास ज्योत नको आणि खिडकी उघडी हवी. समोरचं भांडं वेगळं होतं, आणि ते किती वेगळं हे आधी बघायला हवं होतं.

दिवे मालवून, डोळ्यांना चष्मा लावून मी त्याच्यावर कमी तरंगलांबीचा अतिनील प्रकाश टाकला. काच बर्फासारखी फिकट निळी उजळली. शिशाची काच! हिंदुस्थानात विकण्यासाठी अशी भांडी इंग्लंडमध्येही बनत, त्यामुळे हे तिकडून आलेलं असू शकतं. पण निर्मिती कुठली यापेक्षा मला त्या शिशाची काळजी होती. व्हिनेगर आणि शिसं यांचं नातं जुनं आहे. सफेदा, म्हणजे शिशापासूनचा पांढरा रंग, करायला शिशाच्या पत्र्यांना व्हिनेगरचीच वाफ देत. अशा काचेत व्हिनेगर किंवा लिंबाचा रस रात्रभर ठेवला तर तो पृष्ठभागातलं शिसं हळूहळू ओढून घेतो. ते ॲसिड म्हणजे तर हायड्रोक्लोरिक आम्ल, त्याचा विचारही नको. उलट टोकाला जाऊन धुण्याचा सोडा घातला तर तो तीव्र अल्कलीधर्मी, काचेचा सांगाडा म्हणजे सिलिकाच खायला लागतो.

मला सर्वांत जास्त धास्ती होती ती काचेच्या आजाराची. घडणीत क्षार जास्त आणि चुना कमी पडला तर काच दमट हवेत घामेजते, साबणासारखी बुळबुळीत लागते आणि पुढे तिच्यात केसासारख्या भेगांचं जाळं पसरतं. वाईचा पावसाळा डोळ्यांसमोर आला. तिरप्या उजेडात, भिंगाखाली मी इंच इंच पाहिलं. जाळं नव्हतं. पांढरं वलय फक्त पाण्याच्या पातळीवर होतं, म्हणजे ते विहिरीच्या जड पाण्याचे क्षार होते.

मग सोनं. तळाजवळच्या, सहसा दिसणार नाही अशा एका पाकळीच्या टोकावर कापसाचं अगदी छोटं ओलं बोंड टेकवलं. काही आलं नाही. दुसरं बोंड स्पिरिटचं. त्यावर सोन्याचा एक कण चमकला. सोनं भाजून पक्कं केलेलं नव्हतं, नुसतं चिकटवलेलं होतं. मिठानं आणि अल्कोहोलनं पिशवीत हलवलं असतं तर पाच मिनिटांत फुलं गेली असती. मी ते बोंड नातवाला दाखवलं. तो काही बोलला नाही, खुर्ची ओढून जवळ बसला.

आजी मघापासून ऐकत होत्या. "मग रिठे का नाही वापरत?" त्या म्हणाल्या. "आम्ही पैठण्या त्यातच धुतो, दागिनेसुद्धा."

हे मी का मांडते आहे ते सांगते. रिठ्यात सॅपोनिन असतं. ते फेस करतं, मळ उचलतं आणि त्यात सोडा नसतो. जुन्या रेशमी वस्त्रांच्या जतनात रिठा आजही वापरतात. काचेसाठी मी एरवी सौम्य द्रव डिटर्जंट घेते, पण आजींची सूचना इथे अगदी चपखल होती. रिठ्याचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून ते थोडाच वेळ ठेवायचं असं ठरवलं. टरफलं भिजवून, कुस्करून, पाणी दुहेरी मलमलीतून गाळलं, कारण चोथ्याचा कण आत अडकला तर तो काढणं कठीण.

भांडं मऊ फोमच्या कड्यात बसवलं. पाणी खोलीच्याच तापमानाचं आणि तिसऱ्या हिश्शापुरतंच, म्हणजे वजनाचा ताण नको. बाटली धुताना आपण तांदूळ घालून हलवतो, तेही इथे नको. काचेत दडलेल्या बुडबुड्यावर दाणा आपटला तर तिथूनच चीर जायची. बांबूची काडी वाफेवर वाकवून टोकाला कापूस गुंडाळला आणि आतून हळूहळू फिरवायला सुरुवात केली. हातमोजे घातलेले होते, कारण जुन्या कीटातही निकोटीन असतं आणि ते कातडीतून शरीरात जातं. पहिलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं निघालं. खोलीत तंबाखूचा आणि काकवीचा मिसळलेला वास पसरला, आणि आजी एकदम म्हणाल्या, "सासऱ्यांच्या खोलीत हाच वास यायचा."

पाणी बदलत गेले तसा रंग उतरत गेला. तळच्या कोनातला कीटाचा पट्टा मात्र हलेना. तिथे स्पिरिट आणि डिस्टिल्ड पाणी समसमान घेऊन, बोंड पिळून, फक्त आतूनच वापरलं. गळ्याभोवती कापडाची पट्टी गुंडाळली होती, एखादा थेंब ओघळून सोन्यावर जाऊ नये म्हणून. बाहेरच्या बाजूला कोरड्या मऊ ब्रशापलीकडे काहीही लावलं नाही. शेवटी आतून डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा पुन्हा खळबळून घेतलं.

नातवानं व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र घालण्याबद्दल विचारलं, तेव्हा मी जरा आवेशानंच बोलले. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना मारतात. फेस दिसतो, पण मागे उरतं ते खारट पाणी. आजच्या पाइपवर पाण्याचे पांढरे डाग असतील तर नुसतं व्हिनेगर, चिकटपणा असेल तर सोडा आणि गरम पाणी, कीट असेल तर अल्कोहोल. मळ कुठला ते बघायचं आणि एकेका वेळी एकच वापरायचं. आणि ब्लीच यांतल्या कशातच मिसळायचं नाही. आम्लाबरोबर त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

पांढऱ्या वलयाचा वरचा सैल थर बांबूच्या काडीनं निघाला. खालचा काढायला आम्ल लागलं असतं, म्हणून तो मी तसाच ठेवला. आजींना आधी ते रुचलं नाही. "तेवढंच राहिलं की हो." मी म्हटलं, आजी, पाणी कुठवर भरत होते त्याची खूण आहे ती, आणि काढायची तर त्याखालची काचही थोडी जाईल. त्यांनी भांडं खिडकीकडे नेऊन निरखलं आणि मान हलवली.

जाताना नातवाला कागदावर लिहून दिलं: उचलताना गळ्याला धरू नका, एक हात बुडाखाली द्या. लग्नात आत पाणी आणि फुलं ठेवू नका. हॅलोजनच्या दिव्याजवळ मांडू नका. पावसाळ्यात बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि अधूनमधून काचेला बोट लावून बघा, बुळबुळीत लागली तर लगेच फोन करा. ॲसिडच्या बाटलीचं काय करायचं हे आजींनी विचारलं. जिथली आहे तिथेच वापरा, म्हटलं.