एवढी जिवंत झाडं कशाला? विचारलंत म्हणून

गणपतीला घरी येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस प्रसाद घेऊन फिशटँकपाशी थांबतं आणि म्हणतं, "एवढा खटाटोप कशाला? प्लॅस्टिकची झाडं लाव की. धुतली की नवी!" मी विषय बदलते. या वर्षी मात्र धाकट्या नणंदेने काळजीने विचारलं, "वहिनी, एखादं झाड गेलं की तुम्ही दोन-दोन दिवस धड जेवत नाही. मग कशाला हे?" म्हणून लिहिते.

नेहमीचं उत्तर आधी देते, कारण ते खोटं नाही. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, तो माशांना विष आणि झाडांना खत. झाडं जोमात असली की शेवाळाचंही फारसं फावत नाही. प्लॅस्टिकचं पान यातलं काय करतं? आणि खटाटोप म्हणाल, तर माझ्याकडे झाडांसाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा सीओटूचा सिलिंडर नाही. टायमरवर सात तास लाइट, अधूनमधून मुळाशी खताची गोळी. जावा फर्न आणि अनुबियास तर लाकडाला दोऱ्याने बांधलेत. त्यांचा कंद मातीत पुरायचा नाही, पुरला तर कुजतो, एवढंच सांभाळायचं.

२०२१ सालचं मात्र मी कुणाला सांगत नाही.

ठाण्याहून पुण्याला आलो ते वर्ष. दोन फुटी टँकमध्ये चार वर्षं वाढलेली क्रिप्टोकोरायनी वेन्टी होती, म्हणजे क्रिप्ट, पाण्यात वाढणारी श्रीलंकेतली जात. एका रोपाची झुडपं झाली होती. टँक मातीसकट आणला आणि त्याच संध्याकाळी टँकरच्या पाण्याने भरला. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर ठाण्यात ९० दाखवायचा, इथे ६५०. चौथ्या दिवशी पानं शिजलेल्या साबुदाण्यासारखी आरपार दिसायला लागली. हात लावला तर बोटांना बुळबुळीत लगदा. रात्री अकरा वाजता मी बाह्या वर करून सगळी झाडं उपटली. ही कुजकी घाण माशांना मारणार, एवढंच डोक्यात होतं. मुळं थेट खालच्या काचेपर्यंत गेलेली. ती माती घेऊनच वर आली आणि पाणी कोऱ्या चहासारखं झालं.

ओल्या कचऱ्याच्या डब्यावर ट्यूबलाइटच्या उजेडात मला ती मुळं दिसली. पांढरी, टणक, एकही कुजलेलं नाही. हात थबकला. तरीही टाकली.

सकाळी टँकमधल्या नऊ चेरी बार्ब माशांपैकी पाच तळाशी मरून पडले होते. चार वर्षांची माती ढवळली की त्यात दडलेला अमोनिया पाण्यात येतो. टँकरच्या पाण्याचा पीएच जास्त होता, आणि पीएच चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. मला असंच वाटतं. ९० वरून ६५० वर गेल्याने मासे आधीच अर्धमेले झाले असतील, असं नवरा म्हणतो. तो माझ्यासाठी म्हणतो की खरंच, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

क्रिप्टला पाण्यातला अचानक बदल सोसत नाही. ती पानं गाळते, मुळं जिवंत ठेवते आणि काही आठवड्यांनी नव्या पाण्याला मानवणारी पानं काढते. हिची भावंडं, स्पायरॅलिस आणि रेट्रोस्पायरॅलिस, आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्या-नद्यांत पूर आणि उन्हाळा दोन्ही काढतात. तेव्हा मला कोण सांगणार होतं, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. ते खरं नाही. हे मी त्याआधी दोन वर्षं वाचलेलं होतं. पानं अशी विरघळण्याला 'मेल्ट' म्हणतात, हा शब्दही माहीत होता. ठाऊक असून माझ्याच्याने थांबवलं नाही.

प्लॅस्टिकची झाडं असती तर ते पाच मासे वाचले असते का? कदाचित हो. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि तरी मी प्लॅस्टिक आणणार नाही. झाडं माशांसाठी आहेत असं मी सगळ्यांना सांगते. पण सकाळी लाइट लागला की मी आधी मासे बघत नाही, काचेला टेकलेली मुळं बघते.

उजव्या कोपऱ्यात तुम्हाला नुसती माती दिसली ना? गणपतीच्या आधी पाणी बदलताना टँकरचं पाणी जास्त पडलं. तिथे क्रिप्ट आहे. आज सतरावा दिवस. मी हात लावलेला नाही.